केरिस आणि दुकुन

जावा बेटाच्या मध्य भागात लावू नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर सुकुह हे पंधराव्या शतकातले देऊळ. तिथल्या एका शिल्पात एकीकडे लोहार बसला आहे, दुसरीकडे भाता चालला आहे, आणि मधोमध नाचतो आहे, कोण म्हणाल? आपला गणपती! लोहार तो भीम आणि भात्यावरचा अर्जुन, असे जाणकार मानतात. भीमाच्या हाती घडते आहे ती केरिस, जावाची कट्यार.

लोखंड आणि निकेलमिश्रित धातू यांचे थर ठोकून ठोकून हिचे पाते करतात. ते सरळ असते, नाहीतर नागमोडी. पण वळणे नेहमी विषम, तीन, पाच, सात अशी. सुरो महिन्यात, म्हणजे जावी वर्षारंभी, ती लिंबाच्या रसाने धुऊन सोमलाचे पाणी लावतात. लोखंड काळे पडते आणि थरांची नक्षी चांदीसारखी उठते. धूप जाळतात, फुले वाहतात. घरातल्या वडीलधाऱ्याचा मान तिला असतो बरं का! नवी केरिस मानवते की नाही, हे पाहायला ती उशाखाली ठेवून स्वप्नाची वाट पाहायची. ती न मानवून दुखणे आले असे वाटले, की घरचे दुकुनाकडे धाव घेत.

दुकुन म्हणजे कोण? सुईण, अंग चोळणारा, सुंता करणारा, मंत्र घालणारा, सगळ्यांना हा एकच शब्द. जो रोग काढतो त्याला तो घालताही येतो, ही लोकांची समजूत. केरिसचेही तसेच. जुनी कथा आहे: केन अरोकने गंद्रिंग लोहाराकडे केरिस घडवायला टाकली, उशीर होतो म्हणून तो संतापला आणि त्याच अपुऱ्या पात्याने त्याने लोहाराला भोसकले. मरताना त्याने शाप दिला, या पात्याने सात राजे मरतील.

कथा झाली, पण समजूत कथेत राहिली नाही. १९९८ साली पूर्व जावातल्या बान्युवांगी जिल्ह्यात चेटूक करणारे दुकुन म्हणून शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्याआधी जिल्ह्याच्या प्रमुखाने अशा संशयितांच्या याद्या करवल्या होत्या, त्यांच्याच संरक्षणासाठी म्हणून! त्या याद्या मारेकऱ्यांच्या हाती पडल्या, असा संशय पुढे घेतला गेला. मेलेल्यांत साधे उपचार करणारे होते, कुराण शिकवणारेही होते.