टेलिफोटो भिंग आणि देवळालीची हवा

टेलिफोटो भिंग 1891 साली डॅलमायर, मीथ व श्टाइनहाइल यांनी परस्परनिरपेक्षपणे सिद्ध केले. मोटारशर्यतीच्या छायाचित्रणात मात्र भिंगाची लांबी वाढली ती हौसेपेक्षा सक्तीने. 1955 मध्ये फ्रान्समधील ल मां येथे 80 हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि शर्यतमार्गापासून माणसे दूर हटविण्यात आली. अंतर दुप्पट झाले की तितक्याच प्रतिमेसाठी नाभीय अंतरही दुप्पट लागते; 200 मिलिमीटरच्या जागी 400.

देवळाली कॅम्पच्या माळावर हे गणित अपुरे पडते. तेथील तोफखाना विद्यालयाच्या विद्येत दूरच्या लक्ष्याचे निरीक्षण मुख्य. तापलेल्या भूमीवरील हवा थरथरते, आणि दुर्बिणीची शक्ती वाढवावी तशी ती थरथरही मोठी दिसते. नाशिक परिसरातील मोटार-रॅलीत धुळीची भर पडते. अशा ठिकाणी सकाळच्या निवळ हवेतील 400 मिलिमीटर हे दुपारच्या 600 हून सरस, असे आम्हांस वाटते.