निमोची तारीख

जुन्या काळावरील चित्रपटात एखाद्या पात्राच्या तोंडी पुस्तकाचे नाव आले, की आमचे वकिली कान टवकारतात. त्या साली ते पुस्तक निघाले होते काय? विज्ञानकथांच्या बाबतीत ही उलटतपासणी विशेष रंगते. १८८५ सालच्या पात्राने वेल्सच्या ‘टाइम मशीन’चा उल्लेख केला, तर त्याची साक्ष तिथेच कोसळली, ते पुस्तक १८९५ चे.

‘बॅक टु द फ्यूचर’च्या तिसऱ्या भागात (१९९०) तर ही उलटतपासणी खुद्द नायिकाच घेते. कालयंत्रातून १८८५ च्या अमेरिकेत उतरलेले शास्त्रज्ञ ब्राऊन शिक्षिका क्लॅराला बोलून जातात, की ज्यूल व्हर्नची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ आपण लहानपणी वाचली. ती त्यांना तिथल्या तिथे पकडते: ती कादंबरी निघून तर दहाच वर्षे झाली! वस्तुतः मूळ फ्रेंच कादंबरी १८६९-७० ची, म्हणजे पंधरा वर्षे झालेली. मग चूक बाईची? आम्ही तिला दोषी ठरविणार नाही. इंग्रजी वाचकांच्या हाती मर्सियरचे भाषांतर पडले ते १८७२-७३ च्या सुमारास. आणि बोलण्याच्या ओघात बाराचे दहा कोण करीत नाही?

तेव्हा पुस्तकाचे साल पाहून भागत नाही. ते त्या माणसाच्या हाती कोणत्या भाषेत आणि कोणत्या रूपात आले, हेही विचारावे लागते. मर्सियरने मूळचा बराच मजकूर गाळला होता. व्हर्नच्या पुढील ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये (१८७४-७५) पाणबुडीचा नायक कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार असल्याचे उघड होते. बुंदेलखंड, म्हणजे झाशी ज्या मुलखात आहे तोच. आमच्या ग्वाल्हेरकर वाचकांना हे सांगणे नको. व्हर्नचा डाक्कार १८५७ च्या उठावाचा प्राण आहे. घरदार, बायकामुले गमावून तो समुद्राचा आश्रय घेतो. परंतु किंग्स्टनच्या नावाने १८७५ मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतरात उठावाचे खापर महत्त्वाकांक्षी संस्थानिकांवर फोडले आहे, आणि इंग्रजांनी हिंदी जनतेला अराजकातून वर काढले होते, असा मजकूर वर घातला आहे. व्हर्नने तो लिहिलेला नाही.

१८८५ ची क्लॅरा इंग्रजीतून तो ग्रंथ वाचती, तर तिला बहुधा हाच निमो भेटता.