शून्याचे दोन अर्थ : कर्नलमधील परतमूल्यांच्या नोंदीचा इतिहास

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळ येथे कोंडीत सापडलेल्या इंग्रज फौजेच्या समितीने मराठ्यांशी करार केला. पुणे दरबाराच्या दृष्टीने तो पुरा झालेला तह होता. मुंबई व कलकत्ता येथील इंग्रज सत्ताधाऱ्यांनी मात्र समितीस तसा अधिकारच नव्हता, असे म्हणून तो अमान्य केला. एकाच लेखाचा अर्थ दोन पक्षांनी भिन्न घेतला, तर व्यवहार कसा मोडतो, याचे हे परिचित उदाहरण होय. संगणकाच्या प्रचालन प्रणालीतही हा प्रश्न निराळ्या रूपाने उद्भवतो. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, असंख्य फंक्शनांचा बनलेला असतो. एक फंक्शन दुसऱ्यास काम सांगते. दुसरे ते आटोपून एक मूल्य परत करते. त्या मूल्याचा अर्थ उभयपक्षी एकच असावा लागतो, आणि तो कोठे तरी लिहिलेला असावा लागतो.

या लेखनाचा आरंभ ठळकपणे दिसतो तो ३ नोव्हेंबर १९७१ रोजीच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या या पुस्तिकेत प्रत्येक नोंद नाव, रूप, वर्णन, निदान, दोष अशा ठराविक मथळ्यांखाली येते. त्या वेळी अपयशाची खूण प्रोसेसरमधील कॅरी बिटावर उमटत असे. १९७३ मध्ये कर्नल ‘सी’ भाषेत नव्याने लिहिला गेला. ‘सी’तून हाक देणाऱ्यास अपयश कळे ते ‘उणे एक’ या परतमूल्याने, व कारण ‘एर्नो’ या चलात मिळे. १९८८ च्या पॉझिक्स मानकात परतमूल्य व त्रुटी यांना स्वतंत्र मथळे मिळाले.

१९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्समध्ये प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. तेथे कर्नलच्या आत यशाला शून्य व अपयशाला ऋण त्रुटिक्रमांक परत करण्याचा प्रघात आहे. परंतु होय-नाही सांगणाऱ्या फंक्शनांत शून्य म्हणजे नकार. लिनक्सच्या लेखनशैलीच्या नियमांनी यावर काढलेला तोडगा वस्तुतः व्याकरणाचा आहे : फंक्शनाचे नाव आज्ञार्थी असेल, तर त्याने त्रुटिक्रमांक द्यावा, नाव विधानरूप असेल, तर सत्यासत्य सांगावे. ‘काम जोड’ अशा अर्थाच्या फंक्शनाने यशस्वी झाल्यास शून्य द्यावे. ‘पीसीआय उपकरण उपस्थित आहे’ अशा अर्थाच्या फंक्शनाने उपकरण सापडल्यास एक द्यावा.

मराठी भाषकास हा भेद सहज उमगण्याजोगा आहे. ‘काही अडचण?’ या प्रश्नास ‘काही नाही’ हे उत्तर समाधानाचे. ‘घरात कोणी आहे काय?’ या प्रश्नास ‘कोणी नाही’ हे उत्तर अभावाचे. नकार एकच, अर्थ प्रश्नावरून ठरतो. ‘सी’ भाषेचा कंपायलर मात्र हा भेद पाहत नाही. त्याच्या लेखी दोन्हीकडे केवळ पूर्णांक असतो. म्हणूनच दोन्ही प्रघातांची सरमिसळ शोधण्यास कठीण अशा दोषांना जन्म देते.

पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनांत तिसरा प्रकार आढळतो. काही अपयशी झाल्यास रिक्त पॉइंटर देतात. काही पॉइंटरच्याच रूपात त्रुटिक्रमांक दडवून देतात. हाक देणाऱ्याने केवळ रिक्ततेची तपासणी केली, तर दडलेली त्रुटी खऱ्या पत्त्याप्रमाणे पुढे जाते व प्रणाली कोसळू शकते. अशा ठिकाणी फंक्शनाच्या माथ्यावरील एक ओळच संरक्षण करते.

ही ओळ लिहिण्यासाठी लिनक्समध्ये ‘कर्नल-डॉक’ ही टिप्पणीपद्धती आहे. तीत परतमूल्यासाठी स्वतंत्र विभाग सांगितला असून, २०१६ पासून या टिप्पण्यांवरून ‘स्फिंक्स’ या साधनाच्या साहाय्याने ग्रंथरूप माहिती तयार होते. नोंद गाळलेली असल्यास यंत्र इशारा देऊ शकते. परंतु लिहिलेली नोंद खरी आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. फंक्शन बदलले आणि टिप्पणी तशीच राहिली, तर ती मौनापेक्षाही अधिक घातक ठरते, कारण वाचणारा तिच्यावर विसंबतो. यास्तव परतमूल्याची नोंद हा फंक्शनाचा अलंकार नसून त्याच्या कराराचे कलम होय. फंक्शनात फेरफार करणाऱ्याने ते कलमही त्याच वेळी तपासले पाहिजे.