यादवी आपली, तराजू परक्यांचा

मागच्या वेळी आपण नारायणराव पेशव्यांच्या खुनापाशी थांबलो होतो. ३० ऑगस्ट १७७३. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आम्हाला विचारलं, "सर, राघोबादादांनी इंग्रजांना घरात घेतलं, एवढाच हा इतिहास ना?" प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढं साधं नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी घटना बघू. खुनानंतर राघोबादादा पेशवे झाले. पण १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि बारभाईंनी त्या तान्ह्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. एक गादी आणि दोन दावेदार, म्हणजे यादवीच. दादांची बाजू पडत गेली तसे ते मुंबईकर इंग्रजांकडे वळले. ६ मार्च १७७५ ला सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, दादांनी साष्टी आणि वसई द्यायची.

आता तारखा नीट बघा. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीसच घेतला होता. पोर्तुगीज येऊन साष्टी घेतील, असं कारण पुढे केलं. म्हणजे ताबा आधी, आणि मदतीचा तह नंतर! मदतीला येणारा माणूस कधी येतो, हे बघावं ते यासाठी.

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबईकरांवर कलकत्त्याची देखरेख आली होती. कलकत्त्याच्या कौन्सिलने हे युद्ध बेकायदा आणि अन्यायाचं ठरवलं, थांबवायचा हुकूम दिला आणि कर्नल अप्टनला पुरंदरला पाठवलं. १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडायचा, असं ठरलं. आणि साष्टी? ती इंग्रजांकडेच राहिली.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. युद्ध अन्याय्य असेल तर त्यात मिळालेला मुलूख परत करावा, हा निष्कर्ष पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही काढेल. कलकत्त्याच्या विद्वान मंडळींनी तो काढला नाही. न्यायाची भाषा खोटी होती असं आम्ही म्हणत नाही. तिथल्या काहींना ते युद्ध मनापासून नकोच होतं. पण न्याय कितीपर्यंत मोजायचा, ही मर्यादा साष्टीच्या किनाऱ्यापाशी आखलेली होती. तिकडे लंडनच्या डायरेक्टरांनी सुरतेच्या तहालाच पसंती कळवली. मुंबई, कलकत्ता, लंडन, तीन ठिकाणी तीन मतं. 'इंग्रजांनी ठरवलं' असं आपण सहज म्हणतो, पण कोणत्या इंग्रजांनी, हे विचारायला हवं.

आता दुसऱ्या बाजूला या. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला. नाना फडणवीसांनी त्याचा चांगला मान ठेवला. इंग्रजांना धाक बसावा, हा हिशेब त्यात होता. फ्रेंच फौज काही आली नाही, पण धाक बसला. १७७८ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलं आणि पुण्याचा प्रश्न कलकत्त्याला वेगळाच दिसू लागला. गादीवर कोणाचा हक्क खरा, हा मुद्दा मागे पडला. पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंच उतरू नयेत, हा पुढे आला.

आणि आपण? आज आपण गोंदियात बसलो आहोत. वैनगंगेकडचा हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. त्यांच्या घरातही यादवी होतीच. जानोजींच्या मागे मुधोजी आणि साबाजी हे भाऊ भांडले. नारायणरावांनी साबाजींना उचलून धरलं, दादांनी मुधोजींना. जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पक्ष घ्यायची सवय फक्त परक्यांनाच होती असं नाही.

१७७८ मध्ये हेस्टिंग्जने अलेक्झांडर एलियट हा वकील मुधोजींकडे रवाना केला. साताऱ्याच्या गादीवरचा भोसल्यांचा दावा उचलून धरायचा, असं आमिष मनात होतं. एलियट नागपूरला पोचलाच नाही, वाटेत सारंगडजवळ वारला. गोडार्डची फौज नर्मदेकाठी थांबली, पण मुधोजींनी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. पुढे पुण्याच्या आग्रहाने त्यांनी आपला मुलगा चिमणाजी याला फौज देऊन बंगालकडे पाठवलं. ती फौज कटकाकडे रेंगाळली आणि हेस्टिंग्जकडून पैसे घेऊन शांत राहिली. याला कोणी मुत्सद्देगिरी म्हणतं, कोणी दगा. आम्हाला वाटतं, दोन्ही शब्द घाईचे आहेत. मुधोजी काठावर उभं राहून वेळ विकत होते. अशा व्यवहारात एक अडचण असते. विकायला वेळ उरतो तोवरच तो चालतो.

मराठे एकत्र उभे राहिले तेव्हा काय झालं, तेही बघा. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईची फौज कोंडली गेली आणि इंग्रजांना नमतं घ्यावं लागलं. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी सवाई माधवरावांना पेशवा मानलं, महादजी शिंदे तहाला जामीन राहिले. दादांना तनखा मिळाला, दुसऱ्याच वर्षी कोपरगावला ते गेले. साष्टी मात्र तेव्हाही परत आली नाही.

आणि नागपूर? १८०३ च्या देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. १८१७ ला सीताबर्डी झाली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. तेव्हा रेंगाळायला फौज नव्हती, इंग्रजांना धाक दाखवायला फ्रेंच नव्हते.

तर त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. दादांनी दार उघडलं, हे खरं. पण खिडक्या बहुतेकांनी किलकिल्या ठेवल्या होत्या. एकट्या दादांना दोषी ठरवलं की बाकी सगळे सुटतात, आणि आपणही सुटतो. आजही जगात कुठे यादवी पेटली आणि कोणी बडं राष्ट्र मध्यस्थीला निघालं, की टीव्हीसमोर बसून आपण कोणाची बाजू खरी यावर वाद घालतो. तो वाद जरूर घाला. फक्त त्याआधी एवढं विचारा, या मध्यस्थाची साष्टी कोणती?