सहकारी पतव्यवस्थेतील प्रशिक्षण आणि संचालकांचे स्थान : नागपूर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील वित्तसंस्थांच्या इतिहासलेखनात भांडवल, व्याजदर, थकबाकी आणि कायदे या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. या संस्थांत काम करणाऱ्या माणसांना ते काम कोणी, कोठे व कशा रीतीने शिकविले, हा प्रश्न मात्र बहुधा समित्यांच्या अहवालांतील एखाद्या प्रकरणापुरताच राहिला. प्रस्तुत लेखात सहकारी पतव्यवस्थेतील प्रशिक्षणाच्या जडणघडणीचा विचार नागपूर जिल्ह्याचा संदर्भ डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. ही व्यवस्था प्रथमपासून सचिव, हिशेबनीस, निरीक्षक व लेखापरीक्षक यांच्यासाठी आखली गेली. ठेवीदारांच्या पैशाचे काय करावयाचे हे ठरविणारे संचालक तिच्या कक्षेबाहेर राहिले आणि त्याची किंमत नागपूर जिल्ह्याने मोजली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वसाहतकालीन पाया

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने गावोगावी पतपेढ्या निघाल्या. तेथे दप्तर सांभाळण्याचे काम गावातील लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाकडे, पुष्कळदा शाळामास्तरांकडे येई. कीर्द-खतावणी कशी लिहावी, कर्जरोखा कसा घ्यावा, हे त्याने खात्याच्या निरीक्षकाकडून जमेल तसे शिकावे, अशीच व्यवस्था होती. १९१२ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना मान्यता मिळाली व रकमा वाढल्या. १९१५ च्या मॅक्लेगन समितीच्या अहवालाने सभासदांना सहकाराची तत्त्वे नीट समजावून न देताच संस्था नोंदविल्या जात असल्याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली.

नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात हा दोष लवकर उघडा पडला. तेथील चळवळीची चौकशी करण्यासाठी १९२२ मध्ये किंग समिती नेमावी लागली. पुढे जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि थकबाकीने मध्यवर्ती बँका जेरीस आल्या. मुंबई इलाख्यात परिस्थिती थोडी निराळी होती. तेथे १९१८ मध्ये सहकारी शिक्षण व प्रचारासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आजचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ हा तिचाच वारसदार होय. वैकुंठभाई मेहता यांच्यासारखा माणूस १९१२ पासून १९४६ पर्यंत प्रांतिक सहकारी बँकेच्या कारभाराच्या केंद्रस्थानी होता, ही गोष्टही लहान नाही. १९३५ मध्ये मॅल्कम डार्लिंग यांच्या पाहणीनंतर भारत सरकारने सहकारी प्रशिक्षणासाठी १५ लाख रुपयांचे अनुदान मंजूर केले. प्रांतोप्रांतीच्या वर्गांना पद्धतशीर रूप येण्यास त्यामुळे प्रारंभ झाला.

त्रिस्तरीय रचना

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ मध्ये आपला अहवाल दिला. शेतकऱ्यांनी १९५१-५२ मध्ये घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता, हा तिचा आकडा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या मानाने तिच्या एकात्म योजनेतील एक कलम दुर्लक्षित राहिले. शासनाची भागीदारी आणि पतपुरवठा व विक्रीव्यवस्था यांची सांगड यांच्या जोडीने, पुरेशा प्रशिक्षित व ग्रामीण जनतेच्या गरजा जाणणाऱ्या सेवकवर्गाकडून कारभार ही तिची तिसरी अट होती. समितीचे एक सदस्य धनंजयराव गाडगीळ हे होते. त्यांचा जन्म नाशिकचा, परंतु शालेय शिक्षण नागपूरचे. नागपूरच्या सहकारी व्यवस्थापन संस्थेस पुढे त्यांचे नाव देण्यात आले, हे औचित्यपूर्णच म्हटले पाहिजे.

अहवाल येण्यापूर्वीच, १९५३ मध्ये, रिझर्व्ह बँक व भारत सरकार यांनी संयुक्तपणे सहकारी प्रशिक्षणाची केंद्रीय समिती नेमली होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी पुण्याचे महाविद्यालय, मध्यम श्रेणीसाठी प्रादेशिक केंद्रे आणि कनिष्ठ सेवकांसाठी राज्यांच्या शाळा, अशी तिची रचना होती. सहकार कायदा, पोटनियम, हिशेब, लेखापरीक्षण व बँकव्यवहार हे अभ्यासक्रमाचे मुख्य विषय होते. व्यापारी बँकांच्या पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १९५४ मध्ये मुंबईस स्वतंत्र महाविद्यालय काढले. १९६९ मध्ये पुण्यास सहकारी बँकांच्या अधिकाऱ्यांसाठीही एक महाविद्यालय आले. १९७४ पासून ते कृषी बँकिंग महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले.

या रचनेचे यश नाकारता येणार नाही. विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव वर्गात पीककर्जाचे कमाल मर्यादा पत्रक, ज्याला सोसायटीत सर्वजण ‘क. म. पत्रक’ म्हणतात, तयार करावयास शिके आणि गावी परतताच खरिपाच्या तोंडावर तेच पत्रक त्याला खरोखर तयार करावे लागे. शिकलेले व करावयाचे यांत अंतर नव्हते. शासनाच्या सहकार व लेखाकर्म पदविकेची, म्हणजे जी.डी.सी. अँड ए. परीक्षेची प्रतिष्ठाही अशाच कारणाने टिकली. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्या कारकुनाला त्या पदविकेमुळे लेखापरीक्षणाचे क्षेत्र खुले होई. कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण परिणामकारक कसे करावे यावर अलीकडे पुष्कळ परकीय ग्रंथ वाचावयास मिळतात. त्यांतील निम्म्या गोष्टी क. म. पत्रकाच्या वर्गात आधीच होत्या.

शिक्षण आणि प्रशिक्षण

मात्र याच काळात एक विभागणी रूढ झाली. सेवकांसाठी ‘प्रशिक्षण’ आणि सभासदांसाठी ‘शिक्षण’ असे दोन प्रवाह वेगळे झाले. सभासद शिक्षणाची योजना १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अखिल भारतीय सहकारी संघाकडे सोपविण्यात आली. फिरते शिक्षक गावोगावी वर्ग घेत. १९६२ मध्ये सेवकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही राष्ट्रीय सहकारी संघाच्या समितीकडे गेली आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय सहकारी प्रशिक्षण परिषद अस्तित्वात आली. छत्र एक झाले तरी प्रवाह दोनच राहिले.

व्यवस्थापक मंडळाचे सदस्य यांपैकी कोठे बसत होते? ते निवडून आलेले व बिनपगारी असल्यामुळे त्यांची गणना सभासद शिक्षणाच्या योजनेत झाली. त्यांच्या वाट्यास थोड्या दिवसांची शिबिरे आली. सहकाराची तत्त्वे, संचालकांची कर्तव्ये, सभेचे कामकाज हे त्यांचे विषय. सचिवाने महिनोन्‌महिने शिकावे आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्याने एखाद्या शिबिरात बसावे, ही विसंगती त्या वेळी फारशी कोणास खटकली नाही.

ती न खटकण्यास कारणे होती. लोकांनी निवडलेल्या माणसास परीक्षेस बसविणे लोकशाही तत्त्वाशी विसंगत वाटे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जिल्हा बँकेच्या संचालकापुढे येणारा मुख्य प्रश्न कोणत्या सोसायटीस किती कर्जमर्यादा द्यावी, हा असे. त्याचे उत्तर देण्यास लागणारे ज्ञान, म्हणजे गावाची जमीन, पाणी, पिके, माणसांची पत व भाऊबंदकी, त्याच्याजवळ कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा अधिक होते. बँकेचा पैसा शेतात जात होता तोवर संचालकाचे अनुभवजन्य ज्ञान पुरेसे होते, असे मानण्यास जागा आहे. अध्यक्षपद हे विधानसभेच्या वाटेवरील मुक्काम ठरू लागल्यावर त्या ज्ञानाला राजकीय हिशेबाची जोड मिळाली, हा भाग निराळा.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे प्रकरण

१९९० नंतर ही परिस्थिती पालटली. ठेवी वाढत होत्या, शेतीकर्जाची वसुली मंदावत होती. वैधानिक रोखता गुणोत्तरासाठी सरकारी रोखे बाळगणे बँकांना क्रमप्राप्तच होते. आता रोख्यांकडे नफ्याचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. व्याजदर उतरू लागले की जुन्या, अधिक व्याजाच्या रोख्यांची किंमत चढते. २००० नंतरच्या काळात नेमके हेच घडत होते. रोखेबाजाराशी परिचय नसलेल्या संस्थांकडे खासगी दलाल कंपन्या आपणहून येऊ लागल्या.

सरकारी रोख्यांचा व्यवहार कसा होतो हे येथे सांगणे आवश्यक आहे. रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातील एसजीएल खात्यात नोंदली जाते. ज्या संस्थेचे तेथे स्वतःचे खाते नाही ती अन्य बँकेमार्फत अशी नोंद ठेवू शकते. पूर्वी कागदी रोखेही प्रत्यक्ष हातात मिळत. दलालाने दिलेली काँट्रॅक्ट नोट ही केवळ सौदा ठरल्याची चिठ्ठी होय. ती मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून पैसे देताना रोखे ताब्यात आले काय, अथवा खात्यात जमा झाले काय, हे पाहावे लागते. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर जानकीरामन समितीने याच ठिकाणच्या त्रुटी दाखविल्या होत्या आणि १९९५ मध्ये एसजीएल व्यवहारांसाठी ‘रोख्यांच्या बदल्यात पैसा’ ही पद्धत सुरू झाली होती. जिल्हा बँका मात्र या सर्व चर्चेच्या परिघावर होत्या.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ मध्ये होम ट्रेड लिमिटेड व अन्य खासगी कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांत रक्कम गुंतविली. पैसे गेले, रोखे बँकेस मिळाले नाहीत. सुमारे १५० कोटी रुपयांचा हा व्यवहार २००२ मध्ये उघडकीस आला व गुन्हा नोंदविण्यात आला. वर्धा व उस्मानाबाद येथील जिल्हा बँकाही होम ट्रेडच्या व्यवहारांत अडकल्या होत्या. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. २२ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली. निकालाविरुद्ध अपील करण्यात आले.

प्रशिक्षणाने अप्रामाणिकपणास आळा बसत नाही, हा आक्षेप येथे योग्यच ठरेल. ज्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा तो प्रश्न अभ्यासक्रमाच्या चर्चेत आणण्याचे कारण नाही. परंतु कोणताही गैरव्यवहार अनेक टेबलांवरून जातो. मंडळाच्या सभेत गुंतवणुकीचे पत्रक मांडले जाते, लेखा विभाग रक्कम पाठवितो, अंतर्गत तपासणीस नोंद पाहतो. यांपैकी कोणाही एकाने ‘रोखे कोठे आहेत?’ एवढेच विचारून त्याचा कागद मागितला, तर व्यवहार तेथेच थांबतो. हा प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही; रोखे कसे हस्तांतरित होतात हे कोणीतरी एकदा समजावून दिलेले असावे लागते. पतव्यवस्थेचे प्रशिक्षण कर्जखात्याभोवती वाढले होते आणि बँकेचा पैसा दुसऱ्याच खात्यातून गेला.

परिणाम शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. मे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा व बुलडाणा जिल्हा बँकांना नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने परवाना नसलेल्या देशातील २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५.४२ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातील याच तीन बँका होत्या. संत्री, कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या जिल्ह्यात खरिपाच्या कर्जासाठी सभासदास ज्या दाराशी जाण्याची सवय होती, तेच दार दुबळे झाले. ठेवीदारांत शिक्षक होते, पतसंस्था होत्या.

कायद्याने आलेले प्रशिक्षण

रोखे अमूर्त स्वरूपातच, म्हणजे खात्यातील नोंदीच्या रूपातच ठेवण्याचे बंधन २००२ मध्ये घालण्यात आले. २००५ मध्ये वैद्यनाथन समितीने सहकारी पतरचनेच्या पुनरुज्जीवनाचा अहवाल देताना मनुष्यबळ विकासास भांडवलाइतकेच महत्त्व दिले आणि संचालक मंडळावर व्यावसायिक ज्ञान असलेल्या व्यक्ती असाव्यात असे सुचविले. ९७ वी घटनादुरुस्ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली. तिला अनुसरून २०१३ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम २४-अ समाविष्ट झाले. सभासद, समिती सदस्य, अधिकारी व सेवक या सर्वांसाठी शिक्षण व प्रशिक्षण घडवून आणणे हे संस्थेचे कर्तव्य ठरले. संचालक व सेवक यांना एकाच कलमात एकत्र आणणे ही जुनी विभागणी मोडण्याची पहिली वैधानिक खूण होय. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी घटनादुरुस्तीचा राज्यस्तरीय सहकारी संस्थांशी संबंधित भाग रद्दबातल ठरविला, तरी राज्याने स्वतः केलेला कायदा त्यामुळे आपोआप नाहीसा होत नाही.

कलमाची पूर्तता एक दिवसाच्या वर्गाने व उपस्थितीच्या प्रमाणपत्राने होऊ शकते, ही त्यातील अडचण आहे. संचालकांच्या वर्गात आजही कलमे व उपकलमे वाचून दाखविण्याकडे कल असतो. गटसचिवाच्या वर्गाचे यश ज्या गोष्टीत होते ती, म्हणजे उद्याच्या कामाचा प्रत्यक्ष कागद आज हाताळणे, संचालकांच्या वर्गात अभावानेच आढळते. त्यांच्यापुढे एखाद्या बँकेचे गुंतवणूक पत्रक ठेवावे, त्यातील एका नोंदीच्या पुष्टीचा कागद मुद्दाम काढून घ्यावा आणि कोणती नोंद अपुरी आहे ते शोधावयास सांगावे. दोन तासांचा असा वर्ग कर्तव्यांवरील दिवसभराच्या व्याख्यानापेक्षा उपयोगी ठरेल. जिल्ह्यातच घडलेले प्रकरण हाताशी असताना नागपूरला उदाहरण शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

२०२० च्या बँकिंग नियमन सुधारणेनंतर, आणि जिल्हा बँकांच्या बाबतीत १ एप्रिल २०२१ पासून, संचालक मंडळातील किमान ५१ टक्के सदस्यांस विशेष ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव असण्याची अट सहकारी बँकांनाही लागू झाली. ज्या विषयांतील ज्ञान ग्राह्य धरले जाते त्यांत लेखाशास्त्र, बँकिंग, वित्त व कायदा यांच्याबरोबर कृषी, ग्रामीण अर्थव्यवस्था आणि सहकार यांचाही समावेश आहे. तो असावयासच हवा. शेतकऱ्यांच्या बँकेत शेती जाणणारे नसतील तर ती बँक कोणासाठी? परंतु त्यामुळे असेही संभवते, की कृषी व सहकार जाणणाऱ्यांचे मंडळ ५१ टक्क्यांची अट पुरी करील आणि त्यात रोख्यांचे पत्रक वाचता येणारा एकही सदस्य असणार नाही. ही उणीव निवडणुकीने भरून निघत नाही. निवडून आल्यानंतरच्या वर्गातच ती भरून काढावी लागेल. २०२५ मध्ये आणंद येथील ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचे रूपांतर त्रिभुवन सहकारी विद्यापीठात करणारा कायदा संसदेने संमत केला. सहकारी शिक्षणाची पुनर्रचना त्या निमित्ताने पुन्हा चर्चेत आली असून, संचालकांसाठीचा अभ्यासक्रम त्यात कोठे बसणार, हे तपशिलाने ठरवावयाचे आहे.