कॅमेऱ्याची झडप का अडते?

गाडीचे चाक कुरकुरले की वंगण, रहाट जड झाला की वंगण, शिवणयंत्र अडले की तेलाची कुपी. आपल्याकडे यंत्र म्हटले की औषध ठरलेले आहे, आणि दहापैकी नऊ वेळा ते लागूही पडते. दहाव्या वेळेची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. शाळेच्या कपाटात किंवा घरच्या पेटीत रिळाचा जुना कॅमेरा असतो. कोणीतरी हौसेने तो बाहेर काढतो, कळ दाबतो, तर कळ दबत नाही; किंवा दबते, पण आतली झडप, जिला आपण सारे शटर म्हणतो, ती जागची हलत नाही. मग जवळचा एखादा जाणता भिंगाच्या कडेने दोन थेंब मशीनचे तेल सोडतो. झडप त्या दिवशी चालते आणि महिन्याभरात कायमची बसते.

असे का व्हावे, हे कळायला या झडपेचा इतिहास पाहावा लागतो. तो मोठा मजेदार आहे.

पहिल्या कॅमेऱ्यांना शटर नव्हतेच. दागेर या फ्रेंच गृहस्थाची रीत १८३९ साली जगापुढे आली, तेव्हा चित्र उमटायला मिनिटे लागत. त्यानेच १८३८ साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या हमरस्त्याचे चित्र घेतले आहे. त्यात रस्ता ओस दिसतो. माणसे, घोडे, गाड्या सारे काही होते, पण हलणारे काहीच पाटीवर टिकले नाही. उमटला तो एक माणूस, बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला. एवढा निवांत कारभार असल्यावर झडप हवी कशाला? भिंगावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत घालायची. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची कृती दिली आणि मिनिटांचे सेकंद झाले. आपल्या मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. त्या मंडळींच्या काळात हे काम टोपीनेच भागण्यासारखे होते. टोपी कधी अडत नाही, हा तिचा मोठा गुण.

१८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने सरसाच्या कोरड्या पाटीची वाट दाखवली. पुढच्या दहा वर्षांत त्या पाट्या इतक्या तरतरीत झाल्या की सेकंदाचा लहानसा अंश पुरू लागला. इथे माणसाचा हात हरला. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात टोपी काढून घालणे कोणाला जमणार? म्हणून भोक पाडलेली एक फळी भिंगासमोरून खाली सोडू लागले. भोक भिंगासमोरून जाईल तेवढा वेळ उजेड. पृथ्वीचे आकर्षण हीच तिची कमान. कॅलिफोर्नियात १८७८ साली एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याची चित्रे घेतली, ती ओळीने मांडलेल्या बारा कॅमेऱ्यांनी. घोड्याच्या धक्क्याने वाटेतला दोरा तुटे आणि त्या त्या कॅमेऱ्याची झडप रबराच्या ओढीने सुटे. चारी पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही हा वाद त्या झडपांनी मिटवला. सुटतात.

ईस्टमनचा पहिला कोडॅक १८८८ सालचा. त्यात शटर एका नळकांड्याचे होते आणि ते दोरी ओढून ताणावे लागे. यंत्र नाजूक आणि खर्चाचे ठरले. कारखान्याने वर्षभरातच ते बदलून साधे पाते बसवले.

आता खरी अडचण सुरू झाली. कमान झडप उघडते आणि मिटते, पण ती एकाच वेगाने. उन्हातल्या चित्राला सेकंदाचा शंभरावा भाग हवा आणि सावलीतल्या चित्राला पुरा सेकंद हवा, तर काय करायचे? कमानीला लगाम घालायला हवा. पहिला लगाम हवेचा निघाला. सायकलचा पंप तोंडावर बोट ठेवून दाबा, दट्ट्या जड जातो ना? तेच तत्त्व. अमेरिकेत बाऊश आणि लोम यांचे युनिकम शटर आणि जर्मनीत म्युनिकच्या फ्रीडरिख डेकेलचे कंपाउंड शटर ही या जातीची. भिंगाच्या माथ्यावर पितळेची छोटी नळी दिसली की ओळखावे, हे हवेवरचे शटर. त्या नळीतला दट्ट्या कोरडाच चालतो. तेलाचा एक थेंब गेला की तो जागीच चिकटतो. तेलाशी कॅमेऱ्याचे पहिले वैर इथले.

हवेचा लगाम बेभरवशाचा, म्हणून १९१२ च्या सुमारास डेकेलच्याच कारखान्यातून कॉम्पुर शटर निघाले. कंपाउंड या जुन्या नावाला घड्याळ या अर्थाचा 'ऊर' हा जर्मन शब्द जोडून हे नाव केले. नावात सारा इतिहास आला. नळी गेली आणि तिच्या जागी घड्याळातली दातेरी चाके आली. पुढची पन्नास वर्षे चांगले घडीचे कॅमेरे याच शटरावर किंवा त्याच्या प्राँटर या भाऊबंदावर चालले. (त्याच १९१२ साली आपले दादासाहेब फाळके लंडनहून चलच्चित्राचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्यातली झडप म्हणजे हाताने फिरवायची गोल चकती. तिला कमान नाही की ताणणे नाही, त्यामुळे हे दुखणे तिच्या वाटेला जायचे नाही.)

घड्याळ आले म्हणजे घड्याळाचे रोगही आले. घडीच्या कॅमेऱ्याचे शटर पाहा. मध्ये पाच-सहा पोलादी पाती, कागदासारखी पातळ, एकमेकांवर सरकणारी. ती कोरडी असावी लागतात. भोवती दातेरी चाके, आणि त्यांच्या आसांना मात्र सुईच्या टोकाएवढे तेल लागते. म्हणजे बोटभर जागेत एक भाग तेलाचा आणि त्याच्या शेजारचा तेलाला न सोसणारा. वर्षे जातात. भिंग मागेपुढे करण्याच्या आट्यांतले जुने वंगण वैशाखात पातळ होते, वाहत पात्यांवर येते आणि तिथे वाळून चिकट होते. ओल्या दोन काचा एकमेकींवर ठेवून सुट्या करून पाहा, म्हणजे त्या पात्यांची अवस्था कळेल. अशा वेळी कळ दाबल्यावर खट् असा आवाज येतो, पण पाती उघडत नाहीत, किंवा अर्धवट उघडून तशीच राहतात. चाकांतले तेल गोठले असेल तर लक्षण निराळे. शंभराव्या भागावर शटर ठणठणीत चालते आणि सेकंदावर लावले की मध्येच थांबते, कारण जलद वेगाला चाकांची साखळी लागतच नाही. हे तपासणे तुमच्याही हातचे आहे. जलद चालते आणि सावकाश अडते, तर मोडलेले काही नाही, तेल आळले आहे एवढेच.

तेल आळण्याला थंडीही कारण होते. २९ मे १९५३ ला हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तेव्हा हिलरीजवळ कोडॅकचा जुना रेटिना कॅमेरा होता, साध्या घडीचा. तो त्याने वाटभर कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेत ठेवला होता. शिखरावर त्याने तो काढला आणि कुऱ्हाडीला निशाणे बांधून उभ्या असलेल्या तेनसिंगचे चित्र घेतले. माथ्यावर हिलरीचे चित्र नाही, तेनसिंगचेच आहे. शटर आखडले असते तर तेही नसते.

पण वाचकहो, अडलेल्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांचे शटर बिघडलेलेच नसते. ते नकार देत असते, आणि तो नकार मुद्दाम घातलेला असतो. जुन्या पेटी कॅमेऱ्यात एका चित्रावर दुसरे चित्र सहज पडे. लग्नातल्या नवरदेवाच्या डोक्यावर बैल उगवे. हे टाळण्यासाठी १९३० नंतरच्या कॅमेऱ्यांत हळूहळू कुलुपे आली: रीळ पुढे सरकल्याशिवाय कळ दबायची नाही. माझ्या मते शटरच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा फेरबदल, आणि गैरसमजही सर्वांत जास्त यानेच केले. रिकामा कॅमेरा हातात घेऊन माणूस तरफ ओढतो, शटर ताणले जात नाही, आणि तो म्हणतो, अडला! रेटिनाच्या पुढच्या जातींत शटर ताणण्याचे काम फिल्मच्या भोकांत गुंतणारे दातेरी चाक करते. फिल्मच नाही तर चाक फिरणार कसे? मागचे दार उघडून ते चाक बोटाने फिरवा, शटर ताणले जाईल. त्याच कॅमेऱ्यात चित्रांचा आकडा उलटा, छत्तीसवरून खाली येतो, आणि एकावर आला की तरफ बंद होते. आकडा पुन्हा वर नेला की कॅमेरा चालू. एवढ्यासाठी पक्कड घेऊन तरफ मोडणारे महाभाग आहेत.

दुसरा मोठा वंश पडद्याच्या शटरचा. यात पाती नाहीत. फिल्मच्या अगदी पुढ्यात रबर लावलेल्या कापडाचे दोन पडदे धावतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून उजेड आत येतो. फट जितकी अरुंद तितका वेळ कमी. वेट्झलारच्या लाइत्स कारखान्यातल्या ऑस्कर बार्नाकने हे लहानशा कॅमेऱ्यात बसवले आणि १९२५ साली लायका बाजारात आला. रीळ सरकवणे आणि पडदा ताणणे ही दोन्ही कामे त्यात एकाच गुंडीने होतात. तेव्हा रीळ संपले की गुंडी मध्येच थांबते आणि पडदाही अर्धा ताणलेला राहतो. नवखा माणूस म्हणतो, शटर अडले. तिथे जोर केला तर फिल्मची भोके फाटतात. परत गुंडाळण्याची कळ दाबून रीळ सोडवले की काम झाले. कापडाला मात्र खरी दुखणी आहेत. रबर उकाड्याने कडक होते, आणि उघडे भिंग उन्हाकडे तोंड करून ठेवले तर पडद्याला चक्क भोक पडते. झाइस कंपनीने १९३२ साली काँटॅक्समध्ये कापडाऐवजी धातूच्या पट्ट्यांचा पडदा घातला. पट्ट्या पक्क्या, पण त्या ओढणाऱ्या फिती रेशमी. फिती झिजून तुटतात आणि पडदा लटकतो.

स्वीडनच्या व्हिक्टर हॅसेलब्लाडचा अनुभव असाच. १९४८ साली त्याने सेकंदाच्या सोळाशेव्या भागाचा पोलादी पडदा असलेला कॅमेरा काढला. आकडा देखणा, यंत्र तापट. शेवटी १९५७ च्या नव्या कॅमेऱ्यात पडद्याचा हट्ट सोडून भिंगाच्या पोटात कॉम्पुर बसवला. वेग पाचशेव्या भागावर आला, पण भरवसा वाढला. याच घराण्यातले कॅमेरे १९६९ साली चंद्रावर गेले, आणि त्यांतले नेहमीचे वंगण आधी बदलावे लागले, कारण हवा नसलेल्या जागी साधे तेल उडून भिंगावर बसले असते. पृथ्वीवर मात्र या कॅमेऱ्याची एक खोड आहे. भिंग आणि पेटी दोन्ही ताणलेली असतील तरच ती सुटी होतात आणि जुळतात. एक ताणलेले आणि एक सुटलेले अशी गाठ पडली की दोन्ही अडून बसतात. त्यावर उपाय आहे, पण तो लांब पेचकस घेऊन मागच्या बाजूने करायचा, आणि तो शिकलेल्या हातानेच करावा.

विजेचे घटक आल्यावर निदान सोपे झाले. १९७६ चा कॅनन एई-१ घटक संपला की कळच सोडत नाही. आधी नवा घटक घाला, मग काळजी करा.

शिक्षकमंडळींना म्हणून एवढेच सुचवतो. कॅमेरा हातात आला की आधी आत रीळ आहे का ते विचारा, आकडा कुठे आहे ते पाहा, शटर ताणले आहे का ते पाहा. वेगाची चकती 'टी'वर असेल तर शटर एकदा दाबल्यावर उघडेच राहते, ते अडलेले नसते. भिंगाजवळ 'व्ही' अक्षर असलेली खुंटी दिसली तर तिला हात लावू नका. ती थोड्या वेळाने आपोआप कळ सुटण्याची सोय आहे, आणि जुन्या शटरात तिचीच चाके आधी गोठतात. मध्येच थांबली की सारे शटर कुलूपबंद. कॉम्पुरवर सर्वांत जलद वेग लावायचा तो शटर ताणण्याआधी. ताणल्यानंतर चकती त्या आकड्याकडे जड जाते, कारण तिथे एक जादा कमान आहे. पाती चिकटली असतील तर ती धुऊन कोरडी करावी लागतात. ते बेंझीनचे काम आहे आणि ते कारागिराकडे सोपवावे. चुलीजवळ किंवा विडी ओढत तर मुळीच नको.

आणि आत रीळ असेल तर घाईने दार उघडू नका. रात्री, दिवा मालवून, दोन जाड गोधड्यांखाली कॅमेरा उघडा आणि चाचपडत फिल्म काढून काळ्या कागदात गुंडाळा. आंद्रे नावाचा स्वीडिश संशोधक १८९७ साली फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि दोघा सोबत्यांसह बर्फात नाहीसा झाला. त्यांचा शेवटचा तळ १९३० साली एका बेटावर सापडला. सामानात भिजलेली रिळे होती. स्टॉकहोममध्ये ती धुतली, तेव्हा तेहतीस वर्षांनी नव्वदांहून अधिक चित्रे हाती आली. एका चित्रात बर्फावर आडवा पडलेला फुगा आहे आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे आहेत. आपल्याकडचा उन्हाळा फिल्मला तितका मानवत नाही, पण कृष्णधवल रीळ पुष्कळ सोसते. तुमच्या शाळेच्या कपाटातल्या कॅमेऱ्यात कोणत्या सालचे स्नेहसंमेलन अडकून पडले आहे, ते धुतल्याशिवाय कळायचे नाही.