न मागणाऱ्याचा बोनस

बंपरच्या पोच्यावर अंगठा फिरवत मिस्त्री म्हणाला, "साहेब, क्लेम टाकू नका. साडेचार हजारांत नवा करून देतो. उगाच एनसीबी घालवाल." विम्याची पॉलिसी त्याने कधी उघडून वाचली असेल असं वाटत नाही, पण ही तीन अक्षरं गॅरेजमधल्या पोऱ्यालाही पाठ असतात. नो क्लेम बोनस.

मराठी माणसाच्या तोंडी बोनस हा शब्द बसला तो गिरण्यांमुळे. १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठीच मोठा संप केला होता. तो बोनस दिवाळीच्या तोंडावर हातात पडतो. विम्याचा बोनस हातात कधीच पडत नाही; पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून तेवढी रक्कम वजा होते, इतकंच. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मोटारी नवलाईच्या होत्या तेव्हाच ही चाल पडली. तिथे 'डिस्काउंट' असंही म्हणतात, आणि तोच शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो.

कंपनीचं गणित सरळ होतं. कोण गाडी जपून चालवतो हे पॉलिसी लिहिताना कळत नाही, वर्ष सरलं की थोडंफार कळतं. शिवाय किरकोळ दाव्यांचे कागद नाचवण्याचा खर्चही वाचतो. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. इथे मात्र गप्प बसणाऱ्याचाच भाव वाढतो.

भारतातला मोटारविमा ब्रिटिश वळणाचा, त्यामुळे ही चालही इथे रुजली. पूर्वी ही सूट ६५ टक्क्यांपर्यंत जायची. २००२च्या टॅरिफने शिडी आखून दिली : २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. आधीच ५५ किंवा ६५ टक्क्यांवर पोचलेल्यांना पहिला दावा करेपर्यंत तिथेच राहू दिलं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७पासून मोकळे झाले, पण शिडी टिकली. सूट याच भागावर मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी तिचा संबंध नाही.

मिस्त्रीचा सल्ला कागदावर मांडून पाहिला. सूट धरण्याआधी हा हप्ता १२,००० रुपये आणि मी ५० टक्क्यांच्या पायरीवर. दावा केला की पुढच्या वर्षी सूट शून्य, म्हणजे ६,००० गेले. मग २० टक्क्यांपासून पुन्हा चढायचं : ३,६००, ३,०००, १,८००, ६००. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तरी पाच नूतनीकरणांत १५,००० रुपये. साडेचार हजारांच्या बंपरसाठी! बेल्जियन विमागणिती जाँ लमेर यांनी १९७०च्या दशकात या हिशेबी मौनाला 'बोनसची तहान' असं नाव दिलं होतं.

फ्रान्सने १९७६मध्ये वेगळी वाट धरली. तिथे विनाअपघात वर्षाला हप्ता ५ टक्क्यांनी उतरतो आणि आपल्या चुकीने अपघात झाला तर २५ टक्क्यांनी चढतो. चूक दुसऱ्याची असेल तर चढत नाही. आपल्याकडे चूक कोणाची, हे शिडी विचारतच नाही. सोसायटीत उभ्या गाडीवर गुलमोहराची फांदी पडली आणि तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर दावा केलात, तरी पाय घसरतो. याला चांगल्या चालकाचं बक्षीस म्हणणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या बाजूची आहे. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटू दिलेत तर तो जातो. पण जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या विम्याला लावता येतं.